घरचे दप्तर आणि जुना संगणक



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी संतवाङ्मय, बखरी किंवा नवकाव्य असा एखादा विषय निवडावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. मी मात्र आज घरात पडून असलेल्या जुन्या संगणकाविषयी बोलणार आहे. त्या संगणकाला घरातील सर्व कागदपत्रांचे एकच ठिकाण कसे करावे, म्हणजेच ज्याला फाईल सर्व्हर म्हणतात तो घरच्या घरी कसा उभारावा, हे मला सांगावयाचे आहे. हा विषय वरवर यांत्रिक वाटतो. वस्तुतः तो दप्तराचा आहे आणि दप्तर हा मराठी माणसाचा जुना विषय आहे.

गेल्या तीस वर्षांत आपण जे लिहिले, त्याचा फार मोठा भाग कागदावर नाही. मंडळांची इतिवृत्ते, स्मरणिकांचे मजकूर, घराण्यांच्या वंशावळी, जुन्या पत्रांची छायाचित्रे, आजीच्या आवाजात मुद्रित केलेल्या ओव्या, हे सारे कोणाच्या तरी संगणकात, पेनड्राइव्हवर किंवा सीडीवर आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या मराठी वस्तीची घरगुती कागदपत्रे कोणी आपण होऊन गोळा करील, असा भरवसा धरता येत नाही. ती आपण राखली तरच राहतील.

माझ्या एका दिवंगत स्नेह्यांनी वीस वर्षे खपून बडोद्यातील मराठी घरांतल्या स्त्रीगीतांचा संग्रह केला होता. त्यांच्या पश्चात मुलांनी मला बोलाविले. संग्रह तीन ठिकाणी विखुरलेला होता : एका डेस्कटॉप संगणकात, एका लॅपटॉपमध्ये आणि पिशवीभर सीडींवर. एकाच प्रकरणाच्या ‘अंतिम’, ‘अंतिम २’ आणि ‘अंतिम नवीन’ अशा फाईली सापडल्या. काही सीडी वाचल्या गेल्या नाहीत. लॅपटॉपचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. संग्रहाचा बराच भाग हाती लागला, पण त्यांनी अखेरचा हात फिरविलेली प्रत कोणती, हे शेवटपर्यंत निश्चित करता आले नाही. विद्वत्तेत, परिश्रमात कोठेही उणीव नसताना हे घडले. उणीव होती ती एका ठिकाणाची, एका व्यवस्थेची आणि ती व्यवस्था जाणणाऱ्या दुसऱ्या माणसाची. आजचे माझे सारे विवेचन या तीन गोष्टींभोवती आहे.

फाईल सर्व्हर म्हणजे काय

नाव परके आहे, पण कल्पना बडोद्याला नवी नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास येथे पाचारण केले आणि राज्यात ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. मध्यवर्ती ग्रंथालय राजधानीत होते, आणि तेथून लाकडी पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये गावोगाव जात. पुस्तकांचा सांभाळ, नोंद आणि देवघेव यांची जबाबदारी एका ठिकाणी होती. वाचक मात्र आपापल्या गावी बसून वाचीत असे.

फाईल सर्व्हर हेच काम करतो. घरातील एका संगणकात सर्व फाईली ठेवलेल्या असतात. घरातील इतर संगणक व भ्रमणध्वनी, राउटरच्या द्वारा, त्याच्याकडे फाईल मागतात. तो मागणाऱ्याचे नाव व पासवर्ड तपासतो, त्याला तो अधिकार आहे की नाही हे पाहतो आणि फाईल देतो. यासाठी बाहेरच्या इंटरनेटची गरज लागत नाही. इंटरनेट बंद असतानाही घरातले हे जाळे चालू राहते. ज्या संगणकावर आपण लिहितो त्यात फाईल असण्याची आवश्यकता उरत नाही, आणि म्हणूनच तिच्या तीन ‘अंतिम’ आवृत्त्या होण्याचे कारणही उरत नाही.

कोणता संगणक चालेल

हे काम हलके आहे. सर्व्हरला चित्रे रेखाटावयाची नसतात की हिशेब करावयाचे नसतात. त्याला फक्त डिस्कवरून वाचून तारेवर पाठवावयाचे असते. म्हणून इतर कामांना मंद झालेला संगणक येथे उत्तम चालतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि विंडोज ११ अनेक जुन्या संगणकांवर रीतसर बसत नाही. त्यामुळे चालू स्थितीतील कितीतरी यंत्रे अडगळीत गेली. त्यांपैकी एखादे आपल्याही घरी असेल.

पारख चार गोष्टींची करावी. पहिली गोष्ट, प्रोसेसर चौसष्ट बिटांचा असावा. २०१० च्या सुमारास किंवा त्यानंतर घेतलेले बहुतेक डेस्कटॉप या कसोटीस उतरतात. दुसरी गोष्ट, स्मृती दोन गिगाबाइट असली तरी भागते, चार असल्यास चैन आहे. तिसरी गोष्ट, मदरबोर्डावर नाण्याच्या आकाराची तीन व्होल्टची सीआर २०३२ ही बॅटरी असते. ती संपली की संगणकाचे घड्याळ प्रत्येक वेळी मागे जाते आणि फाईलींवर भलत्याच तारखा पडतात. दप्तरात तारीख चुकणे हा लहान दोष नव्हे. ही बॅटरी फार स्वस्त असते, ती आरंभीच बदलून घ्यावी.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट हार्ड डिस्क. यंत्र जुने चालेल, डिस्क मात्र शक्य तो नवी घ्यावी. जुनी वापरावयाची झाल्यास तिची प्रकृती आधी तपासावी. प्रत्येक डिस्क आपल्या आरोग्याची नोंद स्वतःच ठेवीत असते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात आणि ती वाचण्याचे साधन लिनक्समध्ये विनामूल्य मिळते. निकामी ठरवून ज्यांच्या जागी राखीव भाग वापरात आणले गेले अशा सेक्टरांची संख्या त्यात दिसते. ही संख्या शून्य नसेल आणि वाढत असेल, तर त्या डिस्कवर विसंबू नये.

विजेचाही हिशेब करू. डेस्कटॉप सरासरी ६० वॅट घेत असेल आणि रात्रंदिवस चालू असेल, तर दिवसाला १.४४ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे ४३ युनिट होतात. २० वॅट घेणारा जुना लॅपटॉप त्याच काळात सुमारे १४ युनिट घेतो. लॅपटॉपमध्ये अंगचीच बॅटरी असल्याने वीज गेली तरी तो लगेच बंद पडत नाही. मात्र ती बॅटरी फुगलेली दिसल्यास ताबडतोब काढून टाकावी. घरगुती सर्व्हर चोवीस तास चालविण्याचे बंधन नाही. सकाळी दिवाबत्तीच्या वेळी सुरू करून रात्री रीतसर बंद केला, तरी काही अडत नाही. डेस्कटॉप असेल तर यूपीएस अवश्य असावा.

लिनक्स आणि साम्बा

यंत्र ठरले की कार्यप्रणाली निवडावयाची. लिनक्स ही विनामूल्य प्रणाली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली प्रकट केली. तिच्यावर उभारलेली डेबियन ही वितरणे १९९३ पासून जगभरच्या स्वयंसेवकांनी चालविली आहेत. मी डेबियनची शिफारस करतो, कारण ती स्थिर आहे, थोडक्या साधनांत चालते आणि तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या नियमित येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तिच्या तेराव्या आवृत्तीपासून बत्तीस बिटांच्या संगणकांसाठी स्थापनेची सोय राहिलेली नाही, म्हणूनच चौसष्ट बिटांची अट वर सांगितली.

स्थापनेची रीत अशी आहे. दुसऱ्या संगणकावर डेबियनची प्रतिमा उतरवून घ्यावी, ती पेनड्राइव्हवर लिहावी आणि जुना संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा. पुढे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरे देत जावे. येथे एक इशारा आवश्यक आहे : या क्रियेत जुन्या डिस्कवरील मजकूर पुसला जातो. त्यात काही राखण्याजोगे असेल तर ते प्रथम अन्यत्र काढून ठेवावे आणि उघडून पाहावे. कोणते भाग हवेत असे विचारले जाईल, तेव्हा खिडक्या व चित्रे असलेले डेस्कटॉप वगळावे. मूलभूत साधने आणि दुरून आज्ञा देण्यासाठी एसएसएच एवढे घ्यावे. यानंतर त्या यंत्राला पडदा व कळफलक लागत नाही. कपाटाशेजारी, हवेशीर व कमी धुळीच्या जागी ते ठेवून द्यावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते बंद कपाटात मात्र ठेवू नये.

डिस्कची मांडणी ‘एक्स्ट ४’ या पद्धतीची ठेवावी. ही पद्धत जुन्या पेढीच्या हिशेबासारखी आहे. खतावणीत बदल करण्यापूर्वी रोजकीर्दीत नोंद करावी, तशी ती कोणताही फेरबदल करण्यापूर्वी त्याची नोंद वेगळ्या ठिकाणी करते. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना ती नोंद वाचून डिस्कची रचना सावरली जाते. ज्या क्षणी वीज गेली त्या क्षणी लिहिला जाणारा मजकूर मात्र जाऊ शकतो. यूपीएसचा आग्रह त्यासाठीच आहे.

आता उरतो तो दुभाषी. घरातील बहुतेक संगणक विंडोजचे असतात आणि फाईली मागण्याची त्यांची एक ठरावीक बोली आहे. तिला एसएमबी म्हणतात. लिनक्स यंत्राला ही बोली शिकविणारी प्रणाली म्हणजे साम्बा. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल या संशोधक विद्यार्थ्याने १९९१-९२ च्या सुमारास तिचा आरंभ केला. पुढे नाव बदलण्याची वेळ आली, तेव्हा त्याने एस, एम, बी ही तीन अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द संगणकाकरवी शब्दसंग्रहातून शोधले आणि त्यांतून ‘साम्बा’ निवडला. शब्दकोशाचा असा उपयोग पाहून भाषेच्या प्राध्यापकास आनंद झाल्यास नवल नाही.

डेबियनमध्ये साम्बा एका आज्ञेने बसते. मग तिच्या एका साध्या मजकुराच्या फाईलीत आपल्या व्यवस्थेचे वर्णन करावयाचे असते. प्रत्येक सामायिक कप्प्यासाठी चार गोष्टी लिहाव्या लागतात : कप्प्याचे नाव, तो डिस्कवर कोठे आहे, कोणी वाचावे आणि कोणी लिहावे. हे लिहून साम्बा पुन्हा सुरू केली की विंडोजच्या फाईल एक्सप्लोररमध्ये, वरच्या पट्टीत, दोन उलट्या तिरप्या रेघा व सर्व्हरचे नाव लिहिताच कप्पे दिसू लागतात. भ्रमणध्वनीवरील फाईल व्यवस्थापकांतही अशी सोय असते.

तार आणि पत्ता

सर्व्हर राउटरला तारेने जोडावा, वाय-फायने नव्हे. कॅट ५ई प्रतीची तार शंभर मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट वाहून नेते. वेगाचा अर्थ उदाहरणाने कळेल. शंभर गिगाबाइटचा संग्रह शंभर मेगाबिटांच्या जुन्या जोडणीवरून नेण्यास सुमारे अडीच तास लागतात. गिगाबिट जोडणीवर, डिस्कने साथ दिल्यास, तेच काम पाव तासात होते. मजकुराच्या फाईलींसाठी जुनी जोडणीही पुरते. छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे असतील तर नवी बरी.

घरातील प्रत्येक यंत्राला राउटर एक क्रमांक देतो, बहुधा १९२.१६८ ने आरंभ होणारा. हे क्रमांक घरगुती जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. राउटर ते अधूनमधून बदलू शकतो. सर्व्हरचा क्रमांक बदलला तर घरातली माणसे त्याला शोधत बसतील. म्हणून राउटरच्या मांडणीत जाऊन त्याच्यासाठी एक क्रमांक कायमचा राखून ठेवावा. ग्रंथालयाचा पत्ता रोज बदलत नसतो.

अधिकारांची वाटणी

पुष्कळांचे प्रयत्न येथे अडतात, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. फाईलीपर्यंत पोहोचण्यास दोन दारे ओलांडावी लागतात. एक दार साम्बाचे आणि दुसरे खुद्द लिनक्सचे. साम्बाने ‘लिहू द्यावे’ म्हटले, पण लिनक्समध्ये त्या कप्प्याची मालकी दुसऱ्याची असली, तर लिहिता येत नाही. साम्बाचा पासवर्डही लिनक्सच्या पासवर्डाहून वेगळा ठेवला जातो, तो स्वतंत्रपणे द्यावा लागतो. ‘सगळे बरोबर लिहिले, तरी दार उघडत नाही’ अशी तक्रार आली की या दोन गोष्टी प्रथम पाहाव्यात. पासवर्डाशिवाय सर्वांना मोकळे सोडण्याचा मोह टाळावा. विंडोजच्या अनेक नव्या आवृत्त्या असा प्रवेश मुळातच नाकारतात.

कप्पे तीन पुरेत. पहिला ‘आवक’. घरातील प्रत्येकाने नवी छायाचित्रे, पत्रे, मजकूर येथे टाकावा. दुसरा ‘चालू काम’. ज्यावर लेखन सुरू आहे ते येथे राहील आणि संबंधितांना त्यात लिहिता येईल. तिसरा ‘संग्रह’. तो सर्वांनी वाचावा, पण त्यात भर घालण्याचा अधिकार एकट्या दप्तरदाराला असावा. ‘आवक’मधील वस्तू नाव देऊन, नोंद करून ‘संग्रहा’त नेणे हे त्याचे आठवड्याचे काम. या एका विभागणीने निष्काळजी हातांपासून संग्रहाचे रक्षण होते. लक्षात असू द्यावे की जाळ्यावरून पुसलेली फाईल आपल्या संगणकाच्या कचरापेटीत जात नाही, ती थेट नाहीशी होते. साम्बामध्ये सर्व्हरच्या बाजूस कचरापेटी ठेवण्याची सोय आहे. ती चालू करून घ्यावी.

रुमाल आणि त्यांची नावे

पेशवे दप्तरातील कागद कापडात बांधून ठेवलेले असत आणि त्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणत. बडोद्याच्या सेवेतून १९२५ साली निवृत्त झालेल्या रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पुढे त्या अफाट दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. कागद रुमालांत बांधलेले होते, म्हणून ते टिकले. त्यांतून नेमके काय निवडावे, यासाठी मात्र जाणत्या नजरेला वर्षानुवर्षे खपावे लागले. संगणकातील फोल्डर म्हणजे रुमालच. त्यावर चिठ्ठी नसेल तर आत काय आहे ते कोणालाही कळणार नाही, आणि पुढच्या पिढीला सरदेसाई लाभतीलच असे नाही.

फाईलीचे नाव वर्षापासून सुरू करावे, नंतर विषय, नंतर क्रमांक. वर्ष आधी असले की कालक्रम आपोआप लागतो. नावे देवनागरीत अवश्य द्यावीत, परंतु तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात.

पहिली, लांबीची. ‘एक्स्ट ४’ मध्ये नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. रोमन अक्षर एका बाइटात बसते, देवनागरी चिन्हाला मात्र तीन लागतात. म्हणजे आपल्या वाट्यास ८५ चिन्हे येतात. त्यातही ‘क्ष’ हे जोडाक्षर क, हलन्त आणि ष अशा तीन चिन्हांचे, म्हणजे नऊ बाइटांचे होते. निबंधाचे संपूर्ण शीर्षक फाईलीला देण्याची सवय म्हणूनच सोडावी. नाव आखूड ठेवून तपशील प्रत्येक फोल्डरमधील ‘सूची’ नावाच्या फाईलीत लिहावा.

दुसरी, विसर्गाची. आपल्यापैकी पुष्कळजण ‘दुःख’, ‘अंतःकरण’ लिहिताना विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे चिन्ह दाबतात. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. परंतु विंडोज फाईलीच्या नावात अपूर्णविराम चालू देत नाही. प्रश्नचिन्हही चालू देत नाही. लिनक्सला ही चिन्हे चालतात. परिणामी तेथे दिलेले असे नाव विंडोजच्या खिडकीत ओळखू न येणारे दिसते.

तिसरी, रफाराच्या भावंडाची. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दातील आडवा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकदा खालच्या बिंदूच्या ऱ पासून, आणि एकदा साध्या र ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात. एकाच फोल्डरमध्ये तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या नावाच्या दोन फाईली त्यामुळे नांदू शकतात, आणि शोध घेतला तर एकच सापडते. घरातील सर्वांनी एकच कळफलकपद्धती वापरावी हा त्यावरील सोपा उपाय.

याहून कठीण प्रश्न युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या मजकुराचा आहे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण आपल्याकडचे मुद्रण पुढे पुष्कळ वर्षे श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींच्या स्वतंत्र फाँटांवर चालले. त्या फाईली आज तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडल्या की रोमन अक्षरांचा अर्थहीन खच दिसतो. अशी फाईल निकामी समजून पुसू नये. तिच्या तीन प्रती कराव्यात : मूळ फाईल जशीच्या तशी, शेजारी तिचा फाँट, ज्यात फाँट अंतर्भूत आहे अशी पीडीएफ, आणि रूपांतर करून, मुद्रिताशी ताडून पाहिलेला युनिकोड मजकूर. रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात, तेव्हा ताडून पाहण्याचे काम माणसानेच करावे लागते. आपल्यातील निवृत्त शिक्षकांनी मनावर घ्यावे असे हे काम आहे.

प्रतिबिंब म्हणजे प्रत नव्हे

एका ठिकाणी सारे आणले, म्हणजे एका अपघातात सारे जाण्याचीही सोय केली. येथपर्यंत सांगितलेले काम करून जो थांबेल, त्याने आपला धोका कमी न करता वाढविला आहे.

दोन डिस्का जोडून दोहोंवर एकाच वेळी तोच मजकूर लिहिण्याची एक पद्धत आहे. तिचा समावेश ‘रेड’ या नावाखालील पद्धतींत होतो आणि तिचे शास्त्रीय विवेचन बर्कली येथील तिघा संशोधकांनी १९८८ साली केले. एक डिस्क मेली तर दुसरी काम चालू ठेवते, हा तिचा गुण. परंतु ती आरशासारखी आहे. चुकून फाईल पुसली तर ती त्याच क्षणी दोन्ही डिस्कांवरून पुसली जाते. प्रत ती, जी मूळ बदलले तरी स्वतः बदलत नाही.

प्रत काढण्यासाठी आरसिंक नावाचे साधन आहे. तेही याच ट्रिजेलने पॉल मॅकेरस याच्यासह १९९६ साली केले. ते दोन्हीकडील फाईली ताडून पाहते आणि बदललेला भागच पाठविते. पहिली प्रत होण्यास रात्र लागली, तरी पुढच्या प्रती सहसा काही मिनिटांत होतात. प्रत्येक वेळी तारखेचे नवे फोल्डर करण्याची आणि न बदललेल्या फाईलींना पुन्हा जागा न देण्याची सोयही त्यात आहे. ती वापरावी, म्हणजे मागच्या महिन्यातील पाठ हवा असल्यास तो मिळेल. प्रती बाहेरच्या यूएसबी डिस्कवर घ्याव्यात आणि काम होताच ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. खंडणीसाठी फाईली कुलूपबंद करणारे उपद्रवी प्रोग्राम जोडलेल्या प्रत्येक डिस्कपर्यंत पोहोचतात, कपाटातल्या डिस्कपर्यंत नाही.

जाणकारांचा एक सोपा दंडक आहे : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. आपली मुले पुण्यात, बंगळूरला, परदेशात आहेत. दिवाळीस येताना त्यांनी तेथली डिस्क आणावी आणि ताजी घेऊन जावी. विश्वामित्रीचे पाणी घरात शिरण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना दुसऱ्या गावच्या प्रतीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

आणि प्रत उघडून पाहावी. खंडेनवमीला आपण यंत्रांची पूजा करतो. त्या दिवशी यंत्राची धूळ झाडावी, डिस्कची प्रकृती पाहावी आणि प्रतीतील पाचदहा फाईली मनास येतील तशा उघडून वाचाव्यात. जी प्रत कधी उघडली नाही, ती आहे असे धरून चालू नये.

कडी आणि किल्ली

सुरक्षेविषयी दोनच सूचना करतो. घरचा हा सर्व्हर बाहेरच्या इंटरनेटवरून दिसेल अशी मांडणी राउटरमध्ये कधीही करू नये. एसएमबीची ४४५ क्रमांकाची वाट बाहेर उघडणे म्हणजे रस्त्याकडचे दार सताड उघडे ठेवून झोपणे. दुसरी सूचना अशी की एसएमबीची पहिली, जुनी आवृत्ती वापरू नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या उपद्रवाने जगभर जो हाहाकार केला, तो तिच्यातील एका उणिवेच्या वाटेने पसरला. साम्बाने २०१९ पासून ती आवृत्ती आपण होऊन बंद ठेवली आहे. एखादा विंडोज एक्सपीचा संगणक जोडला जात नाही, म्हणून ती पुन्हा उघडू नये. तो संगणकच जाळ्याबाहेर ठेवावा.

कडी जितकी पक्की, तितकी किल्लीची काळजी अधिक. माझ्या स्नेह्यांच्या घरी लॅपटॉपचे कुलूप कोणाला मोडता आले नाही, त्यात त्या कुलपाचा दोष नव्हता. म्हणून या सर्व व्यवस्थेचा शेवटचा भाग कागदावर ठेवावा. एका वहीत सर्व्हरचे नाव, त्याचा क्रमांक, कप्प्यांची माहिती, प्रती कोठे कोठे आहेत आणि बंद-सुरू करण्याची रीत लिहावी. पासवर्ड बंद पाकिटात, घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावेत. आणि घरातील एका तरुण माणसाला समोर बसवून, त्याच्या हातून एकदा सारे करवून घ्यावे : फाईल काढणे, प्रत घेणे, प्रतीतून परत आणणे. त्याला लिनक्सचे शास्त्र आले नाही तरी चालेल. संग्रह कोठे आहे आणि तो कसा उघडावा, एवढे यावे.

हे सारे उभारण्यास दोन रविवार पुरतात. विकत घ्यावयाचे ते एवढेच : एक नवी डिस्क, प्रतींसाठी बाहेरच्या दोन, एक तार आणि ती छोटी बॅटरी. आपल्या माजी विद्यार्थ्यांत संगणकाच्या क्षेत्रात नाव मिळविलेले पुष्कळ आहेत. त्यांनी यंत्राचा भाग सांभाळावा. आम्ही वयस्क मंडळी नावे देऊ, सूची करू, जुने मजकूर ताडून पाहू. अशा रीतीने प्रत्येक घराने आपले दप्तर लावले, तर उद्या विद्यालयास या वस्तीचा इतिहास लिहावयाचा झाल्यास साधने मागण्यासाठी दूर जावे लागणार नाही.